फंडाचे ४६ लाख कुठे ठेवू?

वाचकांचा प्रश्न, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून मी साठाव्या वर्षी निवृत्त झालो. फंड, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे मिळून ४६ लाख आले. चार महिने ते बचत खात्यातच पडून आहेत. पेन्शन ३,१०० रुपये. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. एक एकर ऊस आहे, खर्च वजा जाता त्यात वर्षाला सत्तर-ऐंशी हजार सुटतात. घरखर्च महिना ३० हजार. पत्नी ५६ वर्षांची आहे. माझे मेहुणे एका पतसंस्थेचे संचालक आहेत. ते म्हणतात, सगळी रक्कम आमच्याकडे ठेवा, साडेदहा टक्के देतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, सगळे इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाच्या चालीनं चालणाऱ्या फंडात) टाका, बारा टक्के कुठे गेले नाहीत. भाचा शेअर बाजारात ऑप्शनमध्ये काम करतो. दहा लाख द्या, महिना तीन टक्के घरपोच, असं त्याचं म्हणणं. पत्नीला सांगली-मिरज रस्त्याच्या आत दोन गुंठ्यांचा प्लॉट हवा आहे. पैसा आयुष्यात एकदाच आला आहे, बुडायला नको. कमीत कमी धोक्याचा आणि बरा परतावा देणारा एकच मार्ग सांगा.

उत्तर:

नमस्कार.

तुम्हाला चौघांनी चार सल्ले दिले, पण महिन्याला नेमके किती कमी पडतात हे एकानंही विचारलेलं दिसत नाही. आधी तेवढं करू. खर्च ३०,०००, पेन्शन ३,१००. राहिले २६,९०० रुपये. वर्षाचे झाले ३ लाख २३ हजार, म्हणजे ४६ लाखांवर सात टक्के. उसाचं बिल यात मुद्दाम धरलेलं नाही. तोड कधी येते आणि बिलाचे हप्ते कसे पडतात, हे उभी हयात कारखान्यात काढलेल्या माणसाला मी काय सांगणार. शिवाय २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही पाहिलेला आहे. ऊस आला तर भर, त्यावर भिस्त नको.

तर सात टक्के सुटले की तुमचं आज भागतं. साडेदहाची गरज नाही, बाराची नाही, महिना तीनची म्हणजे वर्षाला छत्तीसची तर नाहीच. हे एकदा कागदावर आलं की निम्म्या सल्ल्यांचं वजन आपोआप कमी होतं.

पण हे झालं आजचं. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर आजचा ३० हजारांचा खर्च बारा वर्षांनी ६० हजार होतो. तेव्हा तुम्ही ७२ चे असाल आणि पत्नी ६८ च्या. तुम्ही हिशेब स्वतःच्या वयावर मांडता आहात, पण हा पैसा पुरायला हवा तो त्यांच्या वयाला. त्या नव्वदीपर्यंत जगल्या तर ३४ वर्षं.

म्हणून ‘कमीत कमी धोका’ या शब्दांपाशी जरा थांबू. तुमच्या पत्रात धोका म्हणजे फक्त मुद्दल बुडणं. मुद्दल शाबूत राहूनही माणूस अडचणीत येतो, आणि तो तीन तऱ्हांनी. भाव पडलेला असताना नेमकी गरज लागते आणि तोट्यात विकावं लागतं. पैसा असतो, पण हातात येत नाही. किंवा आकडा तेवढाच राहतो आणि त्यात येणारं वाणसामान निम्मं होतं. आता तुमचे सल्लागार बघा. मेहुण्यांच्या मार्गात मुद्दलाचा धोका आहे, मुलाच्या मार्गात वेळेचा, प्लॉटमध्ये पैसा अडकण्याचा. सगळं पोस्टात टाकलंत तर महागाईचा. भाच्याच्या मार्गात यातलं बरंचसं एकदम आहे. बिनधोक असं काहीच नाही. कुठला पैसा कुठल्या धोक्याला तोंड देऊ शकतो, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून ‘एकच मार्ग’ मी सांगणार नाही.

मेहुण्यांचं आधी घेतो, कारण तिथे नातं आहे आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसा याच वाटेनं जातो.

पतसंस्था आणि बँक यांच्या पाट्या सारख्या दिसतात, कायदा वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत, मग ती सरकारी असो, खासगी असो की नागरी सहकारी, दर ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा. डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा बहुतेक ठेवीदारांची पूर्ण रक्कम या विम्यात बसत होती. ज्यांची जास्त होती ते अडकले. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाहीच. तिच्यावर देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नाही.

साडेदहा टक्के येतात कुठून, तेही पाहा. ठेवीला साडेदहा द्यायचे तर कर्ज चौदा-पंधरानं द्यावं लागतं. चौदा-पंधरानं कर्ज कोण घेतं? ज्याला बँकेनं नाही म्हटलंय तो. सगळे बुडवे असतात असं नाही, पण जास्तीचे तीन टक्के हे त्या जोखमीचंच मोल आहे, ते फुकट नाही.

यात तुमच्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. हरिपूरची हळदीची पेवं तुम्हाला माहीत असतील. जमिनीत खोल खोदलेली, तोंड अरुंद, आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. व्यापारी माल दहा पेवांत वाटून ठेवत. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी गावात शिरलं आणि दहाच्या दहा पेवांत एकदम गेलं. वाटणी होती, पण सगळी एकाच नदीच्या काठी. तुमचं रान उसाचं. तुमच्या भागातल्या पतसंस्थेची कर्जं ऊस उत्पादकांना, तोडणी-वाहतूकदारांना आणि त्यांच्यावर चालणाऱ्या दुकानांना गेलेली असणार. प्लॉटही याच गावात. कारखान्याची बिलं थकली किंवा पाणी आलं, तर तिन्ही जागी एकाच महिन्यात झळ बसते. पाच पतसंस्थांत पाच पावत्या केल्या म्हणून धोका वाटला जात नाही. तो वाटायचा तर दुखण्याचं कारण वेगळं असलेल्या जागी पैसा जायला हवा.

तरीही ठेवायचेच असतील तर आधी तीन गोष्टी मागा. वार्षिक सभेचा छापील अहवाल, त्यातला लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकबाकीचं प्रमाण. सलग तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. कर्जं भराभर वाढताहेत आणि थकबाकीची टक्केवारी तेवढीच दिसते आहे, तर जरा सावध राहा. नवीन कर्ज थकायला वेळ लागतो, त्यामुळे जुनी थकबाकी झाकली जाते. मेहुणे वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पण संचालकाला वाईट बातमी सगळ्यांच्या आधी कळते आणि सगळ्यांच्या शेवटी सांगता येते, ही त्या खुर्चीची अडचण आहे. नात्यासाठी लाख-दीड लाख ठेवा. बाकीचं ‘पोस्टात पाच वर्षं अडकवले’ असं सांगा. ते खरंही असेल.

आता मुलगा. त्याचं म्हणणं चूक नाही, पण ते त्याच्या वयाचं आहे. दर महिन्याला पगार येतो, त्यातून एसआयपी, म्हणजे फंडाचा ठरलेला हप्ता, जाते. बाजार पडला तर त्याला युनिट, म्हणजे फंडातले हिस्से, स्वस्त मिळतात. तुम्ही घेणारे नाही, तुम्ही काढणारे. बाजार पडला की तेवढ्याच घरखर्चासाठी तुम्हाला जास्त युनिट विकावी लागतात, आणि विकलेली युनिटं बाजार वर गेल्यावर परत येत नाहीत.

आकड्यात पाहू. समजा तुमच्यासारखे कुणी २००७ च्या शेवटी निवृत्त झाले आणि ४६ लाख सगळेच्या सगळे सेन्सेक्सच्या चालीवर ठेवले. तेव्हा सेन्सेक्स २०,२८७ होता. दर जानेवारीत वर्षाचा खर्च काढायचा. पहिल्या वर्षी ३.२ लाख, मग महागाईप्रमाणे वाढत ३.४, ३.६, ३.८, ४ आणि सहाव्या वर्षी ४.३ लाख. २००८ संपताना सेन्सेक्स ९,६४७ वर आणि शिल्लक वीस लाखांच्या जरा वर. २००९ मध्ये बाजार ८१ टक्के उसळला, तरी शिल्लक पावणेएकतीसच्या पुढे गेली नाही, कारण उसळणारी रक्कमच लहान झाली होती. २०१० बरं गेलं, २०११ मध्ये पुन्हा चोवीस-पंचवीस टक्क्यांची घसरण. २०१३ च्या अखेरीस सेन्सेक्स २१,१७० झाला, म्हणजे सुरुवातीपेक्षा वरच. शिल्लक मात्र पावणेएकोणीस लाख. लाभांश यात धरलेला नाही, तो धरला तर थोडी वाढेल. पण याच सहा वर्षांत काढलेले सगळे मिळून २२.३ लाख होतात. पैसे गादीखाली ठेवून तेवढेच काढले असते तर २३.७ लाख उरले असते.

आता दुसरी बाजू, नाहीतर मुलावर अन्याय होईल. त्याच २००७ च्या शेवटी, म्हणजे सगळ्यात वाईट मुहूर्तावर, कुणी दहाच लाख टाकले आणि दहा वर्षं हात लावला नाही, तर २०१७ अखेरीस सेन्सेक्स ३४,०५७ होता. दहाचे जवळपास पावणेसतरा झाले, लाभांश वेगळा. फार नाही, पण बुडालेही नाहीत, आणि बऱ्या मुहूर्तावर टाकणाऱ्यांना याहून पुष्कळ जास्त मिळाले. बाजार तोच. एकाला दर वर्षी काढावे लागत होते, दुसऱ्याला नाही, फरक एवढाच. मुलाला सांगा, शेअर बाजाराला माझा विरोध नाही. पण पुढच्या पाच वर्षांत ज्याची गरज पडेल असा रुपया तिथे जाणार नाही.

भाच्याचं थोडक्यात. महिना तीन टक्के चक्रवाढीनं वर्षाला बेचाळीसच्या वर जातात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. भाचा खोटं बोलत असेलच असं नाही. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावानं पुढे घेण्या-विकण्याचा हक्क. तो विकणाऱ्याला दर आठवड्याला थोडा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, मिळतो, आणि कित्येक महिने हे अगदी पगारासारखं चालतं. मग ४ जून २०२४ सारखा दिवस येतो. लोकसभेच्या निकालाच्या त्या दिवशी निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला. अशा एका दुपारी वर्षभराचा प्रीमियम जातो, वर मुद्दलाला हात लागतो. ‘वर्षभर बघा, एक महिना चुकला नाही’ हा पुरावा म्हणून काहीच कामाचा नाही. चुकणारा महिना अजून आलेला नाही, एवढंच त्यातून कळतं. शिवाय दुसऱ्याचे पैसे असे चालवायला सेबीची नोंदणी लागते आणि खात्रीचा परतावा कबूल करायला बंदी आहे. त्याला दहा लाख देऊ नका, आणि तुमच्या डीमॅट खात्याचा पासवर्ड तर मुळीच नको. अगदी हात द्यायचाच असेल तर पंचवीस हजार द्या आणि विसरा.

प्लॉटबद्दल पत्नीशी बोलताना एवढंच विचारा, की घरात ऑपरेशन निघालं तर अर्धा गुंठा विकता येईल का? मुद्रांक आणि नोंदणीतच सहा-सात टक्के जातात, भाडं शून्य, आणि विकायला काढल्यावर गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नाही. राहायला घर आहेच, म्हणजे जमिनीत तुमची मोठी गुंतवणूक आधीच झालेली आहे, उसाचं रान वेगळंच. तरी घ्यायचाच झाला तर एनए (बिगरशेती) आदेश, गुंठेवारीतला असेल तर नियमित झाल्याचा कागद, आणि पूररेषेचा नकाशा या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, एजंटला नको.

सोन्याचा विषय पत्रात नाही, पण निघेल. पत्नीचे दागिने हेच तुमचं सोनं, ते हिशेबात धरा आणि आणखी घेऊ नका. सोनं वाढतं ते अलीकडे सगळ्यांनी पाहिलंय. २०१२ मध्ये ते दहा ग्रॅमला ३१ हजारांच्या आसपास होतं आणि सहा वर्षांनी, २०१८ मध्येही, तेवढ्यावरच होतं, हे मात्र फार जणांच्या लक्षात नाही.

आता वाटणी. माझ्या मते तुमच्या पैशाचे तीन भाग पडतात.

पहिला, ३० लाखांचा, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एका माणसाला एवढीच मर्यादा आहे. हे लिहिताना दर ८.२ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला नवा दर ठरवतं, पण खातं उघडताना जो असेल तोच तुम्हाला पाच वर्षं राहतो. तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००. पेन्शन मिळून २३,६००. महिन्याला ६,४०० कमी पडले, वर्षाचे ७६,८००. उसाचं बिल साधारण तेवढंच आहे. ऊस पिकला तर खड्डा भरला, नाही पिकला तर दुसऱ्या भागातून.

इथे लोक कुठे चुकतात ते सांगतो. तिमाहीचं व्याज पोस्टाच्या खात्यात तसंच राहू दिलं तर त्या व्याजावर या योजनेत व्याज मिळत नाही, ते वेळेवर काढा. पहिल्या वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज काहीच मिळत नाही, दिलेलंही वळतं होतं. एक ते दोन वर्षांत मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का. म्हणून तीस लाखांची एकच पावती करू नका. दहा-दहा लाखांची तीन खाती उघडा (एकाच पोस्टात एकदम तिन्ही उघडतात का ते आधी विचारा), म्हणजे गरज पडली तर एकच मोडावं लागेल. पत्नीला संयुक्त खातेदार करा, त्यांचं वय साठच्या आत असलं तरी चालतं, आणि नामनिर्देशनही करा. वर्षाच्या सुरुवातीला टीडीएस, म्हणजे व्याजातून परस्पर जाणारा कर, कापू नये म्हणून ज्येष्ठांचा फॉर्म द्या, सगळे त्याला १५ एच म्हणूनच ओळखतात. तुमचं एकूण उत्पन्न नव्या कररचनेत बारा लाखांच्या पुष्कळ आत आहे, त्यामुळे या व्याजावर कर लागणार नाही, पण फॉर्म दिला नाही तर कापलेला टीडीएस परत मिळवायला विवरणपत्र भरत बसावं लागेल.

दुसरा भाग ६ लाखांचा, राखीव. एक लाख बचत खात्यात, बाकी पाचाच्या दोन बँकांत ठेवी, एक वर्षाची आणि दोन वर्षांची. व्याज कमी मिळेल, मिळू दे. याची कामं दोन. पहिलं म्हणजे दवाखाना. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण दाखल करून घेताना अनामत मागतात आणि विम्याची मंजुरी मागाहून येते. (आरोग्य विमा नसेल तर या महिन्यातच घ्या. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे उशीर केलात तेवढं हे थांबणंही पुढे गेलं.) दुसरं काम महागाईचं. खर्च दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढेल आणि पोस्टाचं व्याज तेवढंच राहील, तेव्हा दुसऱ्या वर्षी साधारण २२ हजार, तिसऱ्या वर्षी ४५ हजार, असे वाढत पाच वर्षांत मिळून सव्वादोन-अडीच लाख या भागातून जातील. हे आधीच माहीत असलं की राखीव रक्कम कमी होताना पाहून घाबरायला होत नाही.

तिसरा भाग दहा लाखांचा, मुलाच्या म्हणण्याप्रमाणे निफ्टीच्या इंडेक्स फंडात. हा पैसा मुख्यतः तुमच्या सत्तरीनंतरचा आणि पत्नीच्या म्हातारपणाचा. एकदम टाकावा की थोडा थोडा? आकडेशास्त्राप्रमाणे एकदम टाकलेला पैसा जास्त वेळा पुढे राहतो, कारण बाजार पडण्यापेक्षा वाढण्याची वर्षं जास्त असतात. पण पहिल्यांदाच उतरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दहाचे सहा झाले तर तो विकून मोकळा होतो आणि पुन्हा कधी फिरकत नाही. म्हणून तुमच्यासाठी मी सावकाशीचा मार्ग घेईन. दहा लाख त्याच फंड कंपनीच्या लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) ठेवा आणि तिथून दर महिन्याला ५० हजार इंडेक्स फंडात वळवायची सूचना द्या, म्हणजेच एसटीपी. वीस महिन्यांत काम होतं. मध्येच बाजार पडला तर सूचना थांबवायची नाही, तेवढ्यासाठीच तर ती दिलेली असते.

योजना ‘डायरेक्ट’ घ्या, ‘रेग्युलर’ नको. डायरेक्टमध्ये वितरकाचं कमिशन नसतं, रेग्युलरमध्ये ते दर वर्षी तुमच्या रकमेतून जातं. इंडेक्स फंडात हा फरक थोडा असतो, इतर शेअर फंडांत एक टक्क्याच्या आसपासही जातो. एक टक्का किरकोळ वाटतो. दहा लाख १५ वर्षं ११ टक्क्यांनी वाढले तर ४७.८ लाख होतात आणि १० टक्क्यांनी वाढले तर ४१.८. म्हणजे सहा लाख. मुलगा मोबाइलवर खातं उघडून देऊ शकेल. ज्यांना मदत करणारं कुणी नाही त्यांनी चांगल्या वितरकाला कमिशन द्यायला हरकत नाही. बाजार पडल्यावर ‘विकू नका’ म्हणणारा माणूस मिळाला तर ते पैसे वसूल होतात.

बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज प्रकारचे फंड तुम्हाला कुणीतरी सुचवेल. शेअर आणि रोखे यांचं प्रमाण फंडवाले स्वतःच बदलत राहतात, पडझड कमी जाणवते, खर्च जास्त असतो. वाईट नाहीत. पण तुमचे ३० लाख आधीच ठरावीक व्याजात आहेत, म्हणजे ते प्रमाण तुमचं तुम्ही साधलेलंच आहे. त्यासाठी दुसऱ्याला पैसे का द्यायचे?

प्रमाण एकदा ठरवून भागत नाही, ते सांभाळावं लागतं. आज शेअरचा हिस्सा ४६ मध्ये १०, म्हणजे बावीस टक्के. वर्षातून एकदा, गुढीपाडव्याला म्हणा, वही उघडा. हिस्सा तीस टक्क्यांच्या वर गेला तर जास्तीचे काढून राखीव भागात टाका. पंधराच्या खाली आला तर राखीवमधली मुदत संपलेली एखादी ठेव तिकडे वळवा, पण राखीव तीन लाखांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. समजा चौथ्या वर्षी दहाचे सोळा झाले. पोस्टात ३०, राखीव पाच, मिळून ५१. हिस्सा एकतीस टक्के. तीन लाख काढले तर त्यात नफ्याचा भाग अंदाजे १ लाख १२ हजार. वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअर फंडावर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. म्हणजे कर शून्य. मात्र प्रत्येक हप्त्याच्या युनिटचं वर्ष वेगळं मोजलं जातं आणि आधी घेतलेली युनिट आधी विकली गेली असं धरतात, तेव्हा काढण्याआधी खात्याचा उतारा पाहा. तीस आणि पंधरा हे आकडे काही वेदातले नाहीत, तुम्ही अठ्ठावीस-सोळा ठरवा. ते बाजार शांत असताना वहीत लिहून ठेवा, बातम्या बघत बघत ठरवू नका.

पाचव्या वर्षी खरी परीक्षा आहे. पोस्टाची मुदत संपेल. तीन वर्षं वाढवता येते, पण दर तेव्हाचा मिळेल. ८.२ चा समजा सात झाला तर तीस लाखांवर महिन्याला तीन हजार कमी, आणि खर्च ४० हजारांवर गेलेला. तेव्हा पत्नी ६१ च्या असतील आणि त्यांच्या नावानं वेगळं खातं उघडता येईल, पण दर तोच. त्या वर्षापासून शेअरच्या भागातून वर्षाला साधारण चार-पाच टक्के काढायला सुरुवात करावी लागेल असं आजच धरून चाला. खर्चातलं काही कमी करता येईल का, ऊस लावायचा की रान खंडानं द्यायचं, हेही तेव्हा पाहावं लागेल. ४६ लाख ३४ वर्षांना पुरायला ताणच पडतो. कुणी तसं नाही म्हणत असेल तर तो काहीतरी विकतो आहे.

याच पानावर इतरांसाठी दोन ओळी. ज्यांना शिक्षकाची किंवा सरकारी पूर्ण पेन्शन आहे आणि ती महागाईबरोबर वाढते, त्यांना शेअरचा हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत नेता येतो, कारण घरखर्चासाठी विकण्याची वेळ येत नाही. व्यापार किंवा बागायतीवर घर चालतं त्यांनी उलट करावं. उत्पन्नच वर-खाली होतं, म्हणून राखीव भाग निदान वर्षभराच्या खर्चाएवढा, आणि तो गावातल्या पतसंस्थेत नको. चाळिशीतल्या नोकरदारांना तुमच्या मुलाचा सल्ला जवळपास जसाच्या तसा लागू पडतो.

आता घाई फक्त एका गोष्टीची आहे. तीस लाख बचत खात्यात अडीच टक्क्यांनी महिन्याला सव्वासहा हजार देतात, पोस्टात साडेवीस. चार महिन्यांत ५७ हजार गेले. बाकीचं महिनाभर विचार करून करा, हे मात्र या आठवड्यात उरका. आधार, पॅन, दोघांचे फोटो, वयाचा दाखला आणि तीन खात्यांसाठी तीन वेगळे चेक. वहिनींना बरोबर न्या. संयुक्त खात्यावर सही त्यांचीही लागते, आणि खिडकीवरचा माणूस व्याज कुठल्या तारखेला जमा होतं ते सांगेल, ते त्यांनी स्वतः ऐकलेलं बरं.